वाचून घडवलेली रायफल

जिल्हा पोलीस मुख्यालयाचं फाटक असो, कोषागाराचा दरवाजा असो की निवडणुकीनंतर मतदानयंत्रं कुलूपबंद केलेली खोली, तिथल्या पहाऱ्यावरच्या शिपायाच्या खांद्याला एक लांबलचक रायफल आपण वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. लाकडी दस्ता, काळी नळी, पोटाखाली उतरलेली चौकोनी मॅगझिन. शिपायाच्या टोपीकडे आणि पट्ट्याकडे जितकं लक्ष जातं तितकंच तिच्याकडे जातं, म्हणजे जात नाहीच. फौजेत आणि पोलिसांत तिला एसएलआर म्हणतात, सेल्फ लोडिंग रायफल. कागदोपत्री ती ‘रायफल ७.६२ मिमी १ए१’.

या रायफलीचं रसग्रहण करायचं म्हटलं की पहिली अडचण उभी राहते ती तिच्या कामाची. माणूस मारण्यासाठी घडवलेल्या वस्तूत सौंदर्य शोधू नये असं वाटणारे वाचक असतील, आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणायचं नाही. पण तलवारीच्या मुठीवरची नक्षी आपण संग्रहालयात काचेला नाक लावून बघतो. मग यंत्राच्या आत दडलेल्या विचाराकडे पाठ फिरवण्याचं कारण नाही. एसएलआरमध्ये तसा विचार आहे, आणि त्यातला बराचसा दुसऱ्यांचा आहे. पुण्यातल्या अभियंत्यांनी तो समजून घेतला, पुन्हा मांडला आणि आपल्या हाताला बसवला. मूळ रचना आपली नाही म्हणून ही रायफल कमी प्रतीची ठरवणाऱ्यांशी माझा वाद आहे.

तो विचार कळायला आधी एका जुन्या तोफेपाशी जावं लागेल. धाराशिव जिल्ह्यात जुनी शस्त्रं पाहायची तर परंड्याला जावं. बहमनींचा वजीर महमूद गवान याने बांधल्याचा सांगितला जाणारा हा भुईकोट, आणि त्याच्या आवारात अजून कितीतरी तोफा पडून आहेत. तिथली सर्वांत नामांकित तोफ मात्र तिथे नाही. मलिक-ए-मैदान १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. ओतणाऱ्याचं नाव मुहम्मद बिन हुसेन रूमी. तोफेवर ते कोरलेलं आहे. निजामशाहीच्या पडत्या काळात ती परंड्यात होती आणि १६३२ मध्ये आदिलशाहीने ती विजापूरला नेली. लांबी साधारण १४ फूट, वजन ५५ टनांच्या घरात. तोंडाशी जबडा वासलेला सिंह, आणि त्याच्या दाढांत सापडलेला हत्ती. पाहणारा या सिंहापाशीच थबकतो, आणि शिल्पकाराला तेच हवं होतं.

यंत्र वाचणाऱ्याने मात्र तोफेच्या मागच्या टोकाशी जावं. बार उडाला की गोळ्याला पुढे लोटणारा जोर तोफेला मागेही लोटतो. तो धक्का झेलायला बुरुजावर भक्कम दगडी काम लागे. नाहीतर गाडा उधळायचा, आसपासची माणसं चिरडायची. एक बार झाल्यावर नळी पुसा, दारू ठासा, गोळा ढकला, कानात रंजक भरा, बत्ती द्या. गोलंदाजाची सगळी विद्या या क्रमात होती, आणि तेवढा वेळ शत्रूला मोकळा मिळत होता. मागे येणारा धक्का हा निव्वळ उपद्रव आहे, तो सोसायचा, याबद्दल रूमीपासून पुढच्या तीनेकशे वर्षांतल्या बहुतेक कारागिरांत दुमत नव्हतं.

हा उपद्रव कामाला जुंपता येईल हे पहिल्यांदा नीट सिद्ध केलं ते हायरम मॅक्झिमने, १८८४ च्या सुमारास. त्याच्या मशीनगनमध्ये मागे येणारा धक्काच रिकामं काडतूस बाहेर फेकी आणि नवं आत घेई. पण ती जड तोफवजा वस्तू होती, चाकांवर किंवा तिवईवर ठेवायची, पाण्याने थंड करायची. हीच करामत एका शिपायाला खांद्यावरून वाहता येईल अशा चार-साडेचार किलोंत बसवायची, तीही चिखल, धूळ आणि थंडी सोसून चालेल अशी, हे काम पुढची पन्नास वर्षं भल्याभल्यांना जमलं नाही. त्या पन्नास वर्षांतले नमुने पाहिले की अपयशाचा कसा रंजक इतिहास होऊ शकतो ते कळतं.

मेक्सिकोच्या मॅन्युएल मोंद्रागोन या लष्करी अधिकाऱ्याची रायफल त्याच्या देशाने १९०८ मध्ये स्वीकारली. ती बनली स्वित्झर्लंडच्या सिग कारखान्यात, घड्याळजींच्या देशात, आणि तिचा स्वभावही तसाच नाजूक निघाला. हलक्या दर्जाच्या काडतुसांनी आणि मातीने ती अडायची. डेन्मार्कच्या सोरेन बँगने नळीच्या तोंडाशी टोपी बसवली. गोळीमागून निसटणारा वायू त्या टोपीला पुढे ओढी आणि त्या ओढीने आतला बोल्ट उघडे. कल्पना देखणी, पण रायफलीच्या टोकाशी हलता भाग आला, आणि नेमकं टोकच सगळीकडे आपटतं. अमेरिकेच्या जॉन पेडरसनने वायूचा नादच सोडला आणि गुडघ्यासारखा मुडपणारा सांधा वापरला. त्याची रायफल अचूक आणि हलकी होती, फक्त तिच्या काडतुसांना मेणाचा पातळ लेप द्यावा लागे. लेप नसला तर काडतूस आत चिकटे. रणांगणावर मेण लावलेली काडतुसं! कागदावर चालणारी गोष्ट पलटणीत का चालत नाही, याला याहून नेमकं उदाहरण सापडणार नाही.

पेडरसनचा प्रतिस्पर्धी जॉन गॅरंड. त्याची रायफल अमेरिकेने १९३६ मध्ये स्वीकारली आणि एखाद्या मोठ्या सैन्याने सर्व पायदळाला अर्धस्वयंचलित रायफल द्यायची ठरवण्याची ती पहिली वेळ. तिचं काडतूस ठरलं ते १९३२ मध्ये डग्लस मॅकआर्थरच्या शब्दाने. लष्करप्रमुख या नात्याने त्यांनी नव्या लहान काडतुसाला नकार दिला, कारण गोदामं जुन्या काडतुसांनी भरलेली होती. संशोधकाने वर्षानुवर्षं घासलेली आकडेमोड गोदामातल्या साठ्यापुढे हरली. पहिल्या गॅरंड रायफलीही वायू नळीच्या तोंडाशीच पकडत. पुढे तोंडाच्या अलीकडे नळीला बारीक भोक पाडून तो घेऊ लागले. ‘वायू कुठून घ्यायचा’ हा एक प्रश्न सोडवायला किती डोकी आणि किती वर्षं लागली, ते या बदलात दिसतं.

या सगळ्याच्या मागे सेनाधिकाऱ्यांची एक भीती होतीच: शिपायाला झटपट गोळ्या झाडता आल्या तर तो त्या उधळील. आपल्याकडच्या ‘थ्री नॉट थ्री’च्या, म्हणजे ली-एन्फिल्डच्या सुरुवातीच्या नमुन्यांत मॅगझिनवर आडवी सरकणारी एक पट्टी असे. ती लावली की मॅगझिन बंद, आणि शिपायाने एकेक काडतूस हाताने भरायचं. म्हणजे दहा गोळ्यांची सोय करायची आणि वर तिला कुलूप घालायचं. पहिल्या महायुद्धाच्या रेट्यात ती पट्टी गळाली.

आता एसएलआरच्या खऱ्या जन्मदात्याकडे. दियुदोने सेव्ह, बेल्जियममधल्या लिएजजवळच्या एफएन कारखान्याचा रचनाकार. जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये वारल्यावर त्याचं अर्धवट पिस्तूल याने पुरं केलं. दुसऱ्याचा अपुरा मजकूर पुढे नेण्याची सवय याच्या हातात अशी आधीपासून होती. १९४० मध्ये जर्मनांनी बेल्जियम घेतला. सेव्ह निसटून इंग्लंडला पोहोचला आणि तिथे त्याने आपल्या अर्धस्वयंचलित रायफलीचं काम पुन्हा हाती घेतलं. युद्धानंतर त्यातून १९४९ ची एफएन रायफल आली आणि तिच्या पाठोपाठ एफएएल. पुढे नव्वदहून अधिक देशांच्या सैन्यांनी ती वापरली. ब्रिटिशांनी काही बदल करून तिला एल१ए१ केलं, ऑस्ट्रेलियाने लिथगोला बनवली, आणि ‘एसएलआर’ हे नाव त्या घराण्यातूनच आपल्याकडे आलं.

रायफल मधोमध उघडली की सेव्हचं डोकं समोर येतं. गोळी नळीतून पुढे जाते तेव्हा तिच्यामागचा तापलेला वायू नळीच्या वरच्या बारीक भोकातून वर शिरतो. वर एक छोटा दट्ट्या आहे. वायू त्याला एक ठोसा देतो, तो मागच्या चालत्या भागाला ठोसा देतो आणि आपल्या स्प्रिंगने जागेवर परत येतो. एवढ्या ढकलीवर चालता भाग मागे जातो, वाटेत बोल्ट उघडतो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, दस्त्यात लपलेली स्प्रिंग दबते आणि मग तीच सगळ्याला पुढे लोटून मॅगझिनमधलं नवं काडतूस आत सारते. शिपायाने फक्त चाप सोडून पुन्हा दाबायचा. गुऱ्हाळात उसाची वाळलेली चिपाडं चुलवणात घालून त्याच उसाचा रस आटवतात, तसाच हा व्यवहार आहे. जे वाया जाणार होतं तेच पुढच्या कामाला पुरतं, बाहेरून काही आणावं लागत नाही.

मला सर्वांत आवडतं ते कुलूप. गोळी सुटते त्या क्षणी बोल्ट मागे जाऊ नये म्हणून तो घट्ट अडलेला असायला हवा, नाहीतर ते दडपण शिपायाच्या चेहऱ्यावर येईल. थ्री नॉट थ्रीत बोल्ट हाताने पिळून अडकवतात. सेव्हने पिळण्याचा प्रकारच काढून टाकला. त्याचा बोल्ट पुढे आला की त्याचं मागचं टोक थोडं खाली बसतं आणि एका पोलादी आडाला टेकतं. झालं कुलूप. चालता भाग मागे जाऊ लागला की ते टोक वर उचललं जातं. कुलूप उघडलं. फिरणं नाही, मुडपणं नाही, मेण नाही. थोडं खाली, थोडं वर. पन्नास वर्षांच्या खटपटींनंतर इतक्या लहान हालचालीपाशी पोहोचणं यालाच मी शैली म्हणतो.

दुसरं असंच मार्मिक स्थळ म्हणजे वायूची चावी. नळीवर एक कडी आहे, ती फिरवून किती वायू बाहेर सोडायचा ते ठरतं. रायफल स्वच्छ असेल तेव्हा जादा वायू बाहेर जाऊ द्यायचा म्हणजे भागांवर फुकट मार बसत नाही. काजळी साचली, धूळ गेली, यंत्र सुस्तावलं की कडी फिरवायची आणि दट्ट्याला जास्त वायू द्यायचा. मोंद्रागोनच्या रायफलीने जगाकडून स्वच्छतेची अपेक्षा केली होती. सेव्हने जग मळकट असणार हे धरूनच एक कडी ठेवली.

या यंत्राचा स्वभाव सर्वांत स्पष्ट कळतो तो, आपल्या दुर्दैवाने, जवानाच्या अंत्यसंस्कारात. सलामीच्या फैरी झडतात तेव्हा प्रत्येक फैरीनंतर जवान डाव्या हाताने मूठ मागे ओढताना दिसतात. स्वतः भरणारी रायफल हाताने का भरावी लागते? कारण सलामीच्या काडतुसात गोळीच नसते. नळीत पुढे जाणारी गोळी हेच वायूचं बूच; ते नसेल तर वायू सरळ तोंडातून निघून जातो आणि दट्ट्यापर्यंत पुरेसं दडपण पोहोचत नाही. म्हणजे तिचं ‘आपोआप’ चालणं गोळी खरी असण्यावर अवलंबून आहे. गावच्या शाळेच्या मैदानावर, पोरक्या झालेल्या घरासमोर, ती पुन्हा साधी हाताने भरायची बंदूक होते.

आता हा नमुना आपल्याकडे कसा आला ते. १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारतीय फौजा सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरल्या आणि पहिली झटापट नळदुर्गला झाली. त्या पायदळाच्या हाती थ्री नॉट थ्री होती. समोर रझाकारांच्या हाती जमतील ती हत्यारं होती, म्हणून ती पुरली. त्या मोहिमेचे सेनापती मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी. निजाम शरण आल्यावर तेच हैदराबादचे लष्करी गव्हर्नर झाले, म्हणजे काही काळ आपल्या धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्याचेही. चौदा वर्षांनी, नोव्हेंबर १९६२ मध्ये, ते भारताचे लष्करप्रमुख झाले तेव्हा तीच थ्री नॉट थ्री चीनविरुद्धच्या युद्धात हिमालयात हरलेली होती. चिनी सैनिकांकडे अर्धस्वयंचलित आणि स्वयंचलित शस्त्रं होती, आणि आपले जवान रेझांग ला सारख्या जागी गोठलेल्या बोटांनी एकेका गोळीला बोल्ट ओढत लढले. त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला हे वाक्य आपण इतकं ऐकलं आहे की मदतीत नेमकं काय गेलं हे विचारायचं राहून जातं. त्या काळात सैन्याला जे मिळालं त्यात ही रायफल आहे.

तिचं काम आधीच चालू होतं, आणि ते पुण्यात. १९५८ मध्ये संरक्षण संशोधनाची संस्था डीआरडीओ उभी राहिली तेव्हा खडकीला आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे एआरडीई, सुरू झाली. पुढे ती पाषाणला गेली. बेल्जियमच्या एफएनशी बोलणी चालली होती, पण स्वामित्वशुल्काचा तंटा होता आणि इथल्या उत्पादनावर बेल्जियन तंत्रज्ञांची देखरेख हवी अशी एफएनची अट होती. ती बोलणी फिसकटली. मग एआरडीईच्या लोकांनी बेल्जियन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन अशा तिन्ही वंशांच्या रायफली टेबलावर घेतल्या, सुट्या केल्या आणि वाचल्या.

नक्कल आणि वाचन यांतला फरक इथे आहे. नक्कल करणारा एक प्रत समोर ठेवतो. तीन प्रती शेजारी ठेवून पाठभेद पाहणारा संपादक असतो. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करताना एकनाथांनी जे केलं त्याची पद्धत हीच, फक्त विषय वेगळा. कुठला भाग कुणी का बदलला, कुठे ब्रिटिशांचा बदल सोयीचा आणि कुठे मूळ बरं, हे ठरवताना प्रत्येक भागाचा अर्थ लावावा लागतो, आणि अर्थ लावल्याशिवाय मापं, पोलाद, उष्णतेची प्रक्रिया यांतलं काहीच ठरत नाही. एफएनला हे कळलं तेव्हा त्यांनी कोर्टात जाण्याचा धाक घातला. शेवटी नेहरूंच्या पातळीवर तडजोड झाली: भारताने एफएनकडून आणखी रायफली विकत घ्यायच्या. नैतिकदृष्ट्या हा व्यवहार निर्मळ होता असं म्हणवत नाही. आपण दुसऱ्याच्या पेटंटवर पाय ठेवला आणि मग दंड म्हणून गिऱ्हाईक झालो. पण तंत्राच्या बाजूने पाहिलं तर इशापूरच्या रायफल कारखान्यात आठवड्याला ७५० रायफली बाहेर पडू लागल्या, आणि परदेशी मुकादमाशिवाय.

या भारतीय प्रतीत एक जागा अशी आहे की तिथे मी दरवेळी थांबतो. दस्त्याचं टोक. ब्रिटिश एसएलआरहून इथे वेगळेपण आहे: खांद्याला टेकणारी पट्टी थ्री नॉट थ्रीचीच घेतली आहे. त्या पट्टीत झाकण, झाकणाआड पोकळी, पोकळीत तेलाची कुपी आणि नळी साफ करायचा पुलथ्रू. कारण सरळ आहे. इशापूरला या पट्ट्या बनवायची सामग्री आणि सवय होती, आणि शिपायाच्या बोटांनाही तेल कुठे सापडतं ते पाठ होतं. लाखो हातांची सवय मोडण्यापेक्षा रायफलीनेच जुळवून घेतलं. बेल्जियन डोकं, ब्रिटिश फेरफार आणि मागे इशापूरची जुनी पट्टी.

आणखी एक निर्णय वाचण्यासारखा, पण तो दिसत नाही, कारण ती गाळलेली गोष्ट आहे. मूळ एफएएल चाप दाबून धरला तर सलग गोळ्या झाडू शकते. ब्रिटिशांनी ते काढलं आणि भारतीय १ए१ मध्येही ते नाही. एका दाबाला एक गोळी. ७.६२ ची ताकद इतकी की सलग झाडताना नळी वर उसळते आणि पहिली गोळी सोडता बाकीच्या आभाळात जातात. मॅगझिनला कुलूप घालणाऱ्या जुन्या अधिकाऱ्यांची ती भीतीच थोड्या शहाण्या रूपात परत आली म्हणायची. फरक इतकाच की या वेळी ती खरी होती.

दोष सांगायला हवेत. ती लांब आहे, एक मीटरच्या वर. जीपमध्ये, दाट झाडीत, गल्लीत अडते. भरली की जड. मॅगझिनमध्ये वीसच गोळ्या. १९७१ च्या युद्धात तिने उत्तम साथ दिली, पण १९८७ नंतर श्रीलंकेच्या जंगलात शांतिसेनेला समोर कलाश्निकोव्ह दिसली आणि एसएलआरची लांबी आणि जडपणा जवानांना जाणवला. पोलिसांच्या हाती तर ती नेहमीच विजोड वाटत आली आहे. जिची गोळी शेकडो मीटरवर माणूस पाडते आणि विटेच्या भिंतीला जुमानत नाही, ती गर्दीसमोर घेऊन उभं राहायचं म्हणजे न वापरण्याची शपथ घेऊनच उभं राहायचं.

मग त्याच एआरडीईने इन्सास रायफल घडवली, हलक्या ५.५६ काडतुसाची. ती १९९० च्या दशकात सैन्यात आली. तिची वायूची चावी एफएएलच्या वळणाची आहे, म्हणजे पुण्यात जे एकदा वाचलं ते विसरलं गेलं नव्हतं. पण कारगिलच्या थंडीत तिच्या प्लास्टिकच्या मॅगझिनी तडकल्याच्या तक्रारी आल्या आणि ती जवानांच्या मनात कधीच पुरती बसली नाही. इन्साससाठी अनेक ठिकाणचे तुकडे जोडले, ते एकजीव झाले नाहीत. एसएलआर एकाच डोक्याची रचना होती आणि तिच्या भारतीय वाचकांनी ती मोडू दिली नाही. आज अमेठीजवळ कोरव्याला रशियन एके-२०३ बनते, परवान्यासह, रीतसर. तीत तेल-पुलथ्रूची इशापुरी पोकळी शोधण्यात अर्थ नाही. स्वतःची म्हणून काही भर घालणं हे परवान्यात बसत नाही. सगळ्या कायदेशीर भानगडीसह भारतीय पायदळाला मिळालेली सर्वांत समंजस रायफल एसएलआरच, असं माझं मत आहे. आणि ती हाताळलेले निवृत्त जवान आपल्या गावोगावी आहेत, पटत नसेल तर त्यांनाच विचारा.